ठंडा चलेगा

चूक माझीच. समोरच्या माणसाने विचारलं, "ठंडा या गरम?" आणि मला वाटलं, मी काय पिणार असं तो विचारतोय.

दिल्लीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काही वाटूच शकत नाही. इथे दुकानात, कचेरीत, कोणाच्या घरी, कुठेही टेकलात की पहिला प्रश्न हाच. ठंडा म्हणजे बाटलीतलं सरबत, गरम म्हणजे चहा. नाही म्हणायची सोय नसते, फक्त निवड करायची असते. त्या दिवशी मी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या महाराष्ट्र सदनात थालीपीठ आणि वर दोन चहा रिचवून आलो होतो. तिसरा चहा पोटात मावत नव्हता. म्हणून म्हणालो, "ठंडा चलेगा."

आता थोडं मागचं सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा कुठल्या उंचीवरून पडला ते कळेल.

माझी बायको शर्मिला मालवणजवळच्या एका गावची. घर समुद्राला चिकटून, पण घरचा नियम असा की मुलींनी गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. भाऊ होड्या घेऊन क्षितिजापर्यंत जायचे आणि ही काठावर फ्रॉक धरून उभी. गेल्या दिवाळीत ती शिकवते त्या शाळेतल्या मैत्रिणींबरोबर अंदमानला जाऊन ती स्कूबाचं सर्टिफिकेट घेऊन आली, आणि आल्या आल्या तिने जाहीर केलं, "फेब्रुवारीत गावच्या जत्रेला जायचं आणि आपल्या समुद्रात बुडी मारायची. गुडघ्याच्या वरचा समुद्र मला बघायचाय. खाली जोडीनेच जावं लागतं. तुम्ही येणार, का मी दुसरा कोणी बघू?"

चोवीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न प्रथमच एवढ्या थेट शब्दांत आला होता.

पोहायला मला येतं, मी वाईच्या घाटावर शिकलोय. पण पाण्याखाली श्वास घेणं हे मला सरकारी नियमांत बसत नसल्यासारखं वाटतं. तरी मी "चालेल" म्हणालो. हा माझा जन्मभराचा शब्द. आमची बघाबघी झाली तेव्हा सासऱ्यांनी "काय, चालेल ना?" असं विचारलं होतं, आणि सोलकढीचा दुसरा पेला तोंडाला लावून मी म्हणालो होतो, "चालेल." लग्न त्या एका शब्दावर ठरलं.

लाजपतनगर, तळघरात

तर स्कूबाच्या वर्गाचा फॉर्म भरायला मी एकटाच गेलो. प्रशिक्षकाचं नाव दहिया; शर्मिलाने त्याच्याशी फोनवर आधीच बोलून ठेवलं होतं. रोहतककडचा पहिलवानी गडी. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता आणि आता जगभरच्या समुद्रांत बुडून आलाय. त्याच्या कचेरीत भिंतीवर शार्क, खाली हीटर आणि टेबलावर रेवडी.

मी मनातल्या मनात एक हिशेबी डाव मांडून गेलो होतो. मार्चची बॅच पदरात पाडून घ्यायची. म्हणजे "अगं, मी तर तयार होतो, पण बॅचच नाही" असं म्हणून फेब्रुवारी टाळता येईल. दहिया काहीतरी सांगत होता. माझं लक्ष रेवडीकडे होतं. मग त्याने तो प्रश्न विचारला.

"ठंडा चलेगा," मी म्हणालो.

त्याने पेन खाली ठेवलं. "जनवरी में? ठंडा? पक्का, सर जी?"

मला त्याचं नवल वाटलं. एवढ्याशा बाटलीसाठी? "बिल्कुल पक्का. हम तो बारह महीने ठंडा ही लेते हैं."

दहिया खुर्चीवरून उठला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. या वयात असा माणूस बघितला नाही, म्हणाला. मीही नम्रपणे मान झुकवली. मग सह्या झाल्या, आणि मी वीस मिनिटं बसून राहिलो. बाटली काही आली नाही. शेवटी निघताना जिन्यावरून वळून विचारलंसुद्धा, "वो ठंडा आया नहीं?" तो खदखदून हसला. "आएगा सर जी, शनिवार को आएगा!"

हरियाणातला पाहुणचार सावकाशीचा असतो, असं मनाशी म्हणत मी मेट्रो पकडली.

घरी पोचलो तर शर्मिला ओल्या हातांनीच दारात. हातात मोबाइल, डोळ्यांत चक्क पाणी.

"अहो, तुम्ही थंड पाणी घेतलंत?"

"छे, आलंच नाही," मी म्हणालो.

पण तिने ऐकलंच नाही, कारण तोवर तिने मालवणला फोन लावला होता. दहियाने तिला पाठवलेला निरोप मग मी वाचला. गरम पाण्याची बॅच, म्हणजे नॉइडाचा तापवलेला तलाव आणि मग समुद्र, ती मार्चमध्ये. थंड पाण्याची बॅच याच आठवड्यात, शनिवार-रविवार, अरवलीतल्या पाण्याने भरलेल्या दगडाच्या खाणीत. 'साहेबांनी ठंडा घेतला. तुमच्या फेब्रुवारीसाठीच घेतला असणार. सलाम.'

फोनवर सासूबाई होत्या. "जावयबापूनू, माज्या चेडवासाठी थंडगार पाण्यात उडी मारतास? देव बरा करो."

खरं सांगायची ती वेळ होती. पण चोवीस वर्षांत बायकोने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं नव्हतं हो. त्या रात्री मला तूप वाढताना तिने हात आखडला नाही. मी दुसरी पोळी घेतली.

सरोजिनी नगर, स्कूबा सूट

दहियाचा दुसरा निरोप आला: 'सूट अपना हो तो बढ़िया.' आमच्या क्वार्टरच्या मागेच सरोजिनी नगरचा बाजार. निर्यातीतून परत आलेले कपडे तिथे ढिगाने मिळतात. नॉर्वेजियन मच्छीमाराचा कोट मी तिथे पाहिलाय, तर पाणबुड्याचा पोशाख का मिळू नये?

पहिल्याच मोठ्या दुकानात विचारलं, "भैया, स्कूबा सूट है?"

"बिल्कुल है! कितने दिखाऊँ?"

मी चाट पडलो. मुंबई-पुण्यात असलं काही विचारलं तर दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. दिल्लीकर 'नाही' हा शब्द शिकलेलाच नाही.

"मोटा वाला चाहिए. पानी अंदर नहीं जाना चाहिए."

"पानी?" तो क्षणभर थबकला. "सर, धुलाई की गारंटी है. रंग नहीं जाएगा. मैडम का नाप?"

"मैडम का नहीं, मेरे लिए."

दुकानात तीन बायका होत्या. तिघींनी माझ्याकडे बघितलं आणि मग एकमेकींकडे. दुकानदाराचा चेहरा मात्र हलला नाही, हे त्या बाजाराचं मोठेपण. "कोई बात नहीं सर, आजकल सब चलता है," असं हळूच म्हणत त्याने काउंटरवर एक डाळिंबी रंगाचा, गळ्याला टिकल्या लावलेला सलवार-कमीज पसरला.

मग उलगडा झाला. कापडवाल्यांच्या भाषेत स्कूबा हे एक जाडसर, ताणलं जाणारं कापड आहे. आणि दिल्लीत सूट म्हणजे सलवार-कमीज, हे मला बावीस वर्षांपासून माहीत आहे, फक्त त्या क्षणी माहीत नव्हतं. एवढं बघितल्यावर घेतल्याशिवाय बाहेर पडायची हिंमत झाली नाही. घेतला. शर्मिलाला म्हणालो, तुझ्यासाठी आणलाय. ती म्हणाली, "या धावपळीतही माझी आठवण ठेवलीत?" आणि माझ्या खोट्याच्या इमारतीवर आणखी एक मजला चढला.

शनिवार, सोहन्याच्या पुढे

सकाळी धुकं असं की गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं. गाडी आमची लेक मुक्ता चालवत होती. कॉलेजात आहे, जन्माने दिल्लीकर. तिचं मराठी चांगलं आहे, पण मधले मधले शब्द गळालेले, जुन्या स्वेटरची वीण उसवावी तसे. शर्मिला शाळेमुळे उद्या येणार होती.

गुरुग्रामचे काचेचे मनोरे मागे पडले, सोहनाही मागे पडलं, आणि मोहरीची शेतं लागली. धुक्यात मोहरी नुसती पिवळी वाफ दिसते. मग उजाड टेकड्या, कीकरची, म्हणजे बाभळीची, झुडपं आणि एका फार्महाउसच्या मागे ती खाण. तीन बाजूंना उभा दगड, मध्ये हिरवंकाळं पाणी. त्यावर वाफ तरंगत होती. "बाबा, गरम आहे वाटतं!" मुक्ता म्हणाली. मलाही एक क्षण तसंच वाटलं. दहियाने हातातलं तापमापक पाण्यात बुडवून वर काढलं आणि आनंदाने सांगितलं, "बारह! कल से एक ज़्यादा है!"

बॅचमध्ये मी आणि आणखी एक जण, जोगळेकर. तिशीतला, मूळचा पुण्याचा, गुरुग्रामात कुठल्यातरी कंपनीत. त्याने थंड पाणी अभ्यास करून निवडलं होतं.

"काका, लॉजिक सिंपल आहे," तो म्हणाला. "थंडात शिकलेल्याला गरम पाणी म्हणजे खेळ. गरमात शिकलेल्याला थंड पाणी म्हणजे नवा कोर्स. मी चार्ट केलाय. तुमचा काय क्रायटेरिया होता?"

"चहा दोन झाले होते," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी विनोद करतोय.

सूट दहियाकडे होताच. काळा, रबरी, बोटाएवढा जाड. तो चढवणं हे एक वेगळंच प्रवासवर्णन होईल. पायात आधी प्लास्टिकची पिशवी घालायची, म्हणजे पाय सरकतो. मी सरोजिनी नगरच्या त्याच दुकानाची पिशवी वापरली, एवढा तरी त्या खरेदीचा उपयोग झाला. एका बाजूने दहिया, दुसऱ्या बाजूने मुक्ता, असं मला भरल्या वांग्यासारखं दाबून दाबून आत भरलं. डोक्याला रबरी टोपडं. वर टाकी, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा.

"सर जी, एक बात," दहिया कानाशी येऊन म्हणाला. "इस सूट में एक ही गीज़र है, और वो आप खुद हो. समझ गए ना? शरमाना मत."

मला समजायला एक मिनिट लागलं. मी ताठ मानेने सांगितलं की आम्ही सातारचे लोक असलं काही करत नाही.

जोगळेकर आधी उतरला. गुडघ्यापर्यंत गेला, थांबला. कमरेपर्यंत गेला, थांबला. सुटाच्या मानेतून पहिली धार पाठीत उतरली तसा त्याच्या तोंडून 'आई' असा शब्द निघाला आणि तो आला तसा उलट्या पावलांनी बाहेर आला. "काका, गरमात शिकूनही नंतर थंडाचा स्पेशल मॉड्यूल करता येतो," असं म्हणत त्याने तिथल्या तिथे मार्चच्या बॅचमध्ये नाव घातलं. अभ्यास करून आलेला माणूस शहाणपणाने परत जाऊ शकतो. चुकून आलेल्या माणसाला ती सवलत नसते. मी पाण्यात गेलो.

पाठीवरून कोणी बर्फाचा साप सोडावा तसं ते पाणी मानेतून आत शिरलं आणि त्याच वेळी सातारच्या लोकांची प्रतिष्ठा दहियाच्या गीझरपुढे विरघळली. एवढं सांगतो आणि पुढे जातो.

खाली काय होतं ते सांगितलं तर विश्वास बसणार नाही. हिरव्या अंधारात एक वाळलेलं कीकरचं झाड, आणि त्याच्याखाली दगडांनी बांधून ठेवलेली पांढरी प्लास्टिकची खुर्ची. दहिया तिथे शिकाऊ लोकांना बसवून परीक्षा घेतो. मी सव्वीस वर्षं खुर्चीत बसून नोकरी केली, आणि आता खाणीच्या तळाशीही माझ्यासाठी खुर्ची ठेवलेली. बरं वाटलं. बसलो.

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हाताने. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला तर 'ठीक'. पंजा आडवा धरून हलवला तर 'काहीतरी गडबड आहे'. दहियाने मला विचारलं, ठीक? मी गोल करायला हात वर केला. हात असा थडथड हलत होता की बोटं जुळेनात. पंजा आडवा झाला आणि लडालडा हलायला लागला.

दहियाने ताबडतोब मला वर नेलं. "क्या हुआ? क्या प्रॉब्लम?"

"क-क-कुछ नहीं. ठ-ठीक है."

पुन्हा खाली. पुन्हा खुर्ची. ठीक? पुन्हा माझा पंजा: गडबड, गडबड, गडबड. पुन्हा वर. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी दहिया काठावर बसला आणि गंभीरपणे म्हणाला, "सर जी, हाथ झूठ नहीं बोलता. कल भी ऐसा रहा तो मैं पास नहीं कर सकता."

मी बाहेर आलो. फार्महाउसच्या अंगणात शेकोटी होती, बाजरीची भाकरी, सरसोंची भाजी आणि गूळ होता. आपल्याकडे बाजरीवर तीळ, इथे लोणी. मी चार भाकऱ्या खाल्ल्या आणि तरी थरथरत होतो.

मी कुडकुडतोय असं मुक्ताला म्हणायचं होतं, पण शब्द आठवेना. "बाबा, हे जे तुम्हाला होतंय, त्याला मराठीत काय म्हणतात?"

"ह-ह-हुड... हुडहु... हुडहुडी."

"बस, बस, कळलं," ती म्हणाली. "शब्दातच आवाज आहे."

तिचं मराठी एका शब्दाने वाढलं. परतीच्या वाटेवर मला मात्र एकच गोष्ट दिसत होती. मालवणचा समुद्र, पाण्यात उतरणारी शर्मिला, आणि तिच्या शेजारी कोणीतरी अनोळखी, तगडा, अजिबात न थरथरणारा माणूस.

रविवार, त्याच पाण्यात

शर्मिला आली ती डाळिंबी सूट घालून. वर शाल, हातात आल्याच्या चहाचा थर्मास. धुक्यात त्या टिकल्या चमकत होत्या. दहियाने तिला वाकून नमस्कार केला. "मैडम, साहब ने आपके लिए क्या-क्या नहीं सहा."

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. तशी ती आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही हसलेली नाही.

मी खाली गेलो. खुर्चीत बसलो. मुखवट्यात पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढलं. तोंडातली नळी काढून पुन्हा लावली. हे सगळं जमलं, थंडीने मेंदू गोठल्यामुळे भीतीला जागाच उरली नव्हती. मग दहिया समोर आला. ठीक?

उजवा हात वर केला. लडालडा.

दहियाचे डोळे काचेमागे खट्टू झाले. तो वर जायची खूण करणार, एवढ्यात मी दोन्ही हात पुढे केले आणि दोन्ही पंजे बोटांना बोटं भिडवून एक मोठा गोल केला, फुलांची परडी धरावी तेवढा. दोन्ही हात थरथरत होते, पण एकत्र थरथरत होते. त्यामुळे गोल गोलच राहिला. नुसता नाचणारा गोल.

दहिया बघत राहिला. मग त्याच्या तोंडातून बुडबुड्यांचा एवढा मोठा लोट निघाला की मला वाटलं त्याचंच काहीतरी बिघडलं. तो हसत होता. मग त्यानेही दोन्ही हातांनी तसाच गोल केला आणि मुद्दाम थरथरवला.

मी पास झालो.

वर काठावर शेकोटीपाशी खुर्च्या मांडल्या होत्या. मी शालीत गुंडाळलेला, दोन्ही हातांत थर्मासचं झाकण, त्यातला अर्धा चहा मांडीवर. दहिया कागद भरत होता. मालवणला बोट चालवणाऱ्या त्याच्या मित्रासाठी चिठ्ठी, कोण कोणाबरोबर खाली जाणार ते.

"मैडम, मानना पड़ेगा," तो लिहिता लिहिता म्हणाला. "मैंने पूछा, ठंडा या गरम? साहब ने एक सेकंड नहीं सोचा. और मज़ाक देखो इनका! जाते-जाते सीढ़ी से पूछते हैं, वो ठंडा आया नहीं?"

तो हसला. मुक्ता हसली. मीही हसायचा प्रयत्न केला, पण दात वाजत होते.

शर्मिला हसली नाही. ती गणित शिकवते. समोरच्या पायऱ्या पडताळून पाहायला तिला वेळ लागत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या डाळिंबी कमीजच्या बाहीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"त्या दिवशी सदनात खाऊन गेला होतात ना?"

"हो."

"चहा किती झाले होते?"

"दोन."

"आणि हा सूट?"

मी चहात बघत राहिलो. त्यातही लाटा होत्या.

दहियाला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी घडलंय एवढं कळलं. पेन कागदावर टेकवून त्याने हळूच विचारलं, "मैडम... बडी में, मतलब जोड़ीदार में, किसका नाम लिखूँ? साहब का ही? या वहाँ से कोई..."

शर्मिलाने मला टोपड्यापासून पायातल्या पिशवीपर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"इन्हीं का लिखिए," ती म्हणाली. "चलेगा."

दहियाने नाव लिहिलं. मी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात ती माझ्या हातातलं झाकण काढून घेत माझ्याकडे वळली.

"आता एकदाच खरं सांगा. आमच्या घरी बाबांनी विचारलं आणि तुम्ही 'चालेल' म्हणालात, तेव्हा ते सोलकढीचं विचारताहेत असंच वाटलं होतं ना तुम्हाला?"